पहिल्या गोलाचा केक

“केकवर काय लिहायचं?” बेकरीतल्या बाईने विचारलं, आणि ओक्कोने काचेतल्या पावांकडे नजर वळवली. तसा प्रश्न साधाच होता. ती बाई दिवसातून वीसदा तरी तो विचारत असेल, बारशाच्या केकला, वाढदिवसाच्या केकला, निवृत्तीच्या केकला. हातात क्रीमची पिशवी धरून ती काउंटरपलीकडे उभी होती आणि तिने त्याला केव्हाच ओळखलं होतं. “अगं बाई, तूच ना तो कालचा? ओक्को तुर्तिआइनेन! मी म्हटलंच नवऱ्याला, उद्या सकाळी येणार बघ हा केक घ्यायला.” या शहरात हे सगळ्यांना ठाऊक. शहराच्या आइस हॉकी संघातल्या पोराने पहिला गोल मारला की दुसऱ्या दिवशी सरावाच्या आधी त्यानेच केक आणायचा, सगळ्यांनी कॉफीबरोबर तो खायचा आणि त्याने बाकावर उभं राहून गोल कसा झाला ते आपल्या तोंडाने सांगायचं. “मागचा आला होता ना, त्याने ‘माझा पहिला गोल’ असं लिहून घेतलं,” बाई म्हणाली. “स्वीडनला गेला नंतर. एक कार्डसुद्धा नाही मेल्याचं. तुझ्या केकवर पण तेच लिहू?” दुकानात मागे दोघं-तिघं उभे होते. एक म्हातारा पिशवी सांभाळत हसत होता, शाब्बास म्हटल्यासारखा. ओक्कोला वाटलं, कानाच्या पाळ्या तापल्यायत आणि त्या सगळ्यांना दिसतायत. “नुसतं नाव लिहा,” तो म्हणाला. “नुसतं ओक्को.” “लाजतोय बघा!” बाई मागच्या लोकांना म्हणाली, आणि तिने आपलं तेच लिहिलं, माझा पहिला गोल. ‘माझा’वर तिने क्रीमचं एक फूलही काढलं.

लाजतोय. खरंच की. लाज त्याला कालपासून वाटत होती, पण ही बाई समजत होती ती लाज वेगळी. काल रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने तो क्षण इतक्यांदा उलटापालटा केला होता की आता त्यातलं खरं काय नि मागून चिकटवलेलं काय, हे कळेनासं व्हावं. पण तेच तर होत नव्हतं. क्षण जसाच्या तसा शिल्लक होता. सामना संपत आलेला, बरोबरीत. तो गोलसमोर, जाळीकडे पाठ करून उभा, त्याच्या पाठीवर समोरच्या संघाचा एक धिप्पाड बचावपटू रेलून त्याला ढकलतोय, हेल्मेटच्या जाळीतून त्याच्या श्वासाचा उग्र वास येतोय. लांबून सोर्मूने फटका मारला, तो आवाज आला. सोर्मूच्या फटक्याचा आवाज ओळखू येतो, लाकडाच्या फळीवर फळी आपटावी तसा. ओक्कोने स्टिक खाली टेकवली, शिकवल्याप्रमाणे. काळी रबरी चकती त्याच्या स्टिकच्या आणि बुटाच्या मधून निघून गेली. निघून गेली, बस्स. लागली असती तर मनगटाला कळलं असतं. लहानपणापासून स्टिक धरणाऱ्या माणसाला ते कळतंच, अंधारात भिंतीला हात लागल्यावर कळावं तसं. मनगटात काहीही आलं नाही. मागे जाळी हलली, लाल दिवा पेटला, आणि त्याचे दोन्ही हात वर गेले. हे हात वर जाणं खोटं नव्हतं. आपल्या संघाने गोल केला की हात वर जातात, बाकावर बसलेल्याचेसुद्धा जातात. पण सोर्मू फटका मारता मारता कुणाच्या तरी धक्क्याने बर्फावर तोंडघशी पडला होता, त्याने काही पाहिलं नाही. आणि कॅप्टन लउरी ओरडत आला तो थेट ओक्कोच्या अंगावर. “तुला लागला! तुझाच! पहिला रे, पहिला!” मग सगळेच आले. हेल्मेटवर थापा, गळ्यात हात, कुणीतरी कानात किंचाळतंय. त्या गर्दीच्या मधोमध ओक्कोने तोंड उघडलं होतं, हे त्याला नक्की आठवत होतं. काय बोलायला उघडलं होतं तेही आठवत होतं. तेवढ्यात लउरीने जाळीतून चकती काढून त्याच्या हातमोज्यात कोंबली.

भोंग्यावर आधी सोर्मूचं, म्हणजे सोर्मुनेनचं नाव पुकारलं होतं. मग थोड्या वेळाने, दुरुस्ती, म्हणून ओक्कोचं. आणि सामना संपल्यावर प्रसिद्धीचं काम बघणारा वेली कानाला फोन लावून आत आला. “पोरा, व्हिडिओत काही कळत नाहीये, सगळे पायच पाय आहेत. गोलांची नोंद करणारे टेबलावरचे लोक म्हणतायत, खेळाडूलाच विचारा. लागला ना तुझ्या स्टिकला?” आणि ओक्कोने मान हलवली. तोंडाने तो काही बोलला नाही. रात्रभर तो एवढ्याच एका गोष्टीला धरून बसला होता, की मी बोललो कुठे? पण मान कुणाची होती मग, शेजाऱ्याची? वेली जाता जाता म्हणाला होता, “काही वाटलं तर उद्या संध्याकाळपर्यंत दुरुस्ती करता येते. पण आता कशाला, हो ना?” आणि डोळा मारला होता.

केकचं खोकं दोन्ही हातांत धरून तो पुलावर आला. बर्फाखाली पुलाची फळी कुठे निसरडी आहे ते पायाला माहीत होतं, तरी तो म्हाताऱ्यासारखा पाय घासत चालला होता. नदीवरून वारा सुटला होता आणि नाक पुसायला हात मोकळा नव्हता. पडावं, असं त्याला वाटलं. खरंच पडावं, केक फुटावा, क्रीम बर्फात जावी, म्हणजे निदान आज तरी सुटलो. मग त्याला स्वतःचा राग आला. एवढा मोठा धटिंगण झाला तरी शाळेला दांडी मारायला पोटात दुखतंय म्हणणाऱ्या पोराचंच डोकं. सायकलवरून जाणाऱ्या एका बाईने “अभिनंदन हं!” म्हटलं आणि त्याने हसून मान हलवली. पुन्हा मानच. ही मान एक दिवस त्याला खड्ड्यात घालणार होती.

नाताळापर्यंतचा चाचणीचा करार होता त्याचा. कोच वाईट माणूस नव्हता, पण स्पष्ट होता. “पाय चांगले आहेत तुझे. पण गोलसमोर तू असलास नि नसलास सारखंच,” असं त्याने गेल्या आठवड्यात सांगितलं होतं, चहात साखर नाही हे सांगावं इतक्या शांतपणे. गोलसमोर असलास नि नसलास सारखंच. काल रात्री त्याच कोचने त्याच्या पाठीवर हात ठेवला होता आणि वेगळाच आवाज काढला होता. “सोमवारी बसू या आपण, बोलू.” बोलू म्हणजे कराराचं. ओक्कोला गावाकडे परत जायचं नव्हतं. त्या गावात काय होतं? जंगल, एक दुकान, लाकडाचे ट्रक, आणि शाळेच्या स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी त्याची आई मेर्या, जिने त्याच्या बुटांसाठी स्वतःचा हिवाळी कोट घेतला नव्हता. काल ती फोनवर रडली. “थांब, थांब हं, बाबांना देते.” बाबा फोनवर आले, खाकरले आणि म्हणाले, “हं. बरं झालं.” त्या माणसाकडून एवढं म्हणजे ढोल-ताशेच. त्याचे बाबा असे की तळ्यावर मोठा मासा मिळाला तरी वजन कमी करून सांगायचे; ही गंमत ओक्कोने ड्रेसिंग रूममध्येही सांगितली होती. गावातले सगळेच पुरुष तसे. मासा मोठा सांगणाऱ्याच्या मागे ते बोलत नसत, हसतही नसत, फक्त पुढच्या वेळी त्याला तळ्यावर बोलवत नसत. आणि त्यांच्या त्या गावाकडच्या बर्फावर, जिथे ना पंच ना दिवा, पोरं उणे दहा अंश थंडीत खेळायची तेव्हा कुणाचा गोल हे ज्याचं त्याने सांगायचं असायचं. “माझा नाही, मला लागला नाही,” असं ओक्कोने स्वतः किती वेळा ओरडून सांगितलं असेल! मोजलंय कुणी. ते सांगायला काही लागायचंच नाही. तेव्हा गोलाची किंमत नव्हती म्हणून सोपं होतं का? का तेव्हा तो बरा मुलगा होता आणि मधेच कधीतरी सडला? हे त्याला कळेना, आणि विचारायचं कुणाला?

सांगायचं. आत गेल्या गेल्या सांगायचं. वेलीला बाजूला घेऊन, “अरे, मी नीट विचार केला, मला वाटतं लागला नाही.” वाटतं? वाटतं काय, माहीत आहे! “सोर्मू, तो गोल तुझा.” मग सोर्मू म्हणेल, काल का नाही बोललास? काल का नाही बोललो. या प्रश्नापाशी प्रत्येक वाक्य येऊन अडत होतं. पुलावरून उतरेपर्यंत त्याने चार-पाच वाक्यं बनवली आणि प्रत्येक वाक्यात तो स्वतःला होता त्यापेक्षा जरा बरं दाखवत होता. ते बघून त्याला शिसारी आली.

“आले, आले, गोलवाले आले!” ड्रेसिंग रूमचं दार त्याने कोपराने ढकललं तसा गलका झाला. घामाच्या, ओल्या चामड्याच्या आणि ताज्या कॉफीच्या वासात सगळे अर्धेमुर्धे कपडे चढवून बसले होते. खोकं उघडल्यावर लउरीने शिट्टी मारली. “माझा पहिला गोल! फूल पण काढलंय बघा रे! बेकरीतल्या बाईचं मन जडलं वाटतं याच्यावर.” “तिचा नवरा भट्टीत घालेल याला,” कुणीतरी म्हणालं. केक कापायला सुरी सोर्मूने घेतली. तो सगळ्यांत म्हातारा, म्हणजे संघाच्या हिशोबाने म्हातारा, गुडघ्यांना रोज पट्ट्या बांधणारा, नाक दोनदा मोडलेला. यार्क्को सोर्मुनेन हे त्याचं नाव फक्त भोंग्यावर ऐकू यायचं, बाकी सगळीकडे सोर्मू. गेल्या हिवाळ्यापासून त्याला एकही गोल नव्हता आणि त्याबद्दल तो स्वतःच विनोद करायचा. ओक्को शहरात नवा आला तेव्हा सरावाला यायला त्याच्याकडे काही नव्हतं. सोर्मू न सांगता त्याच्या खोलीखाली गाडी आणून भोंगा वाजवायचा. गोलसमोर पाय कसे रोवायचे, स्टिक कुठे टेकवायची, हे त्यानेच शिकवलेलं. “तू नुसता उभा राहा तिथे खांबासारखा. मी मारतो. कधी ना कधी लागेल तुला,” असं तो म्हणायचा. आता त्याने सगळ्यांत मोठा तुकडा कापून ओक्कोच्या हातात दिला. “खा. कधी ना कधी लागेल म्हटलं होतं ना?” ओक्कोने तो तुकडा थाळीत नुसताच धरून ठेवला.

आणि मग सोर्मूने ते सांगितलं. हसत हसत, तोंडात केक असतानाच, एक गंमत म्हणून. “आमच्या आउनेची गंमत ऐका. आईची माझ्या. वृद्धाश्रमात सामना लावतात ना, काल ती तिथे उठून उभी राहिली म्हणे, टाळ्या वाजवल्या. माझ्या यार्क्कोचा गोल, माझ्या यार्क्कोचा गोल! सगळ्या म्हाताऱ्यांना उठवलंन. मग नर्स म्हणाली, अहो आउने, त्या दुसऱ्या पोराचा आहे, सांगितलं ना आत्ता. तर ऐकेना. म्हणे, मी पाहिलं, सरळ गेला.” सगळे हसले. सोर्मूही हसला, पण मग त्याने सुरी खाली ठेवली. “सकाळी फोन आला तिचा. एकदम गप्प होती. चष्मा कुठे ठेवला ते हल्ली विसरते, गोळ्या दोनदा घेते, आणि आता हे. डॉक्टर येणार आहे उद्या तपासायला, तर म्हणते, यार्क्को, मला नसलेलं दिसायला लागलंय का रे? मी म्हटलं, आई, टीव्हीवर सगळ्यांनाच तसं दिसलं असेल. पण तिने धसका घेतलाय.” ओक्कोच्या हातातली कागदी थाळी वाकली. म्हाताऱ्या बाईने बरोबर पाहिलं होतं. अख्ख्या शहरात तिने एकटीने बरोबर पाहिलं होतं, आणि तिला सांगितलं गेलं की बाई, तुमचं डोकं फिरलंय. हे त्याने केलं होतं. नुसती मान हलवून.

“चला, बाकावर!” लउरी ओरडला. “गोलाची गोष्ट!” सगळ्यांनी स्टिका जमिनीवर आपटायला सुरुवात केली. ओक्को बाकावर चढला. छत डोक्याला लागत होतं. आता. आत्ता म्हणालास तर म्हणालास, नाहीतर तुझ्यासारखा हलकट कुणी नाही. खाली सगळे चेहरे वर करून बघत होते, क्रीम लागलेले, हसरे, आपले म्हणावेत असे. कोचही दाराशी कप घेऊन येऊन उभा होता. ओक्कोने श्वास घेतला. “सोर्मूने मारला,” तो म्हणाला, “आणि मी उभा होतो.” खोली हशाने फुटली. “उभा होतो म्हणे! याच्या बापाने शिकवलंय याला, मासा बारीक सांगायला!” “एवढी छोटी गोष्ट आजवर कुणी सांगितली नाही रे!” स्टिका आपटल्या गेल्या, कोचसुद्धा हसला. एक शब्द खोटा नव्हता त्यात, आणि तरी ओक्कोला वाटलं, कालच्या मानेपेक्षा हे वाईट. काल तो गडबडला होता. आज त्याने खरे शब्द नीट निवडून त्यांच्या आड लपण्याची हुशारी केली होती. स्वतःच्या तोंडावर थुंकता आलं असतं तर तो थुंकला असता.

“थांब, उतरू नकोस,” सोर्मू म्हणाला. त्याच्या हातात फोन होता आणि तो लागलाही होता. “हे असंच माझ्या आईला सांग. तुझ्या तोंडून ऐकलं की पटेल तिला. नाहीतर उद्यापर्यंत झोपायची नाही ती.” त्याने फोन मोठ्या आवाजावर टाकला आणि वर धरला. “यार्क्को?” फोनमधून बारीक, कोरडा आवाज आला. “आई, तो मुलगा आहे इथे. ओक्को. बोल त्याच्याशी.” “अरे बापरे,” आवाज म्हणाला, आणि थोडा सावरला. “बाळा, जेवलास का?” “हो आजी.” “आवाज किती लहान आहे रे तुझा. हे बघ, मी तुला एकच विचारते, रागावू नकोस हं म्हातारीवर. काल ती चकती तुझ्या काठीला लागली का? मला सरळ जाताना दिसली. अगदी स्वच्छ दिसली. पण ही सगळी म्हणतात नाही, आणि उद्या तो डॉक्टर यायचाय. मला नुसतं कळू दे, मला दिसलं ते होतं की नव्हतं. तू तर तिथेच होतास ना?”

ओक्को बाकावर उभा होता. सोमवार गेला, असं त्याला वाटलं. आईचं रडणं गेलं, बाबांचं ‘बरं झालं’ गेलं. गावातला तो ट्रकचा रस्ता त्याला लख्ख दिसला. “आजी, तुम्ही बरोबर पाहिलंत,” तो म्हणाला. आवाज फाटला, पण त्याने तो तसाच पुढे ढकलला. “मला लागला नाही. सरळच गेला. गोल यार्क्कोचाच आहे. तुमचं काही चुकलं नाही, काहीच चुकलं नाही.”

ओक्कोने डोळे मिटून घेतले. आता जे व्हायचं ते होऊ दे. आणि फोनमध्ये ती म्हातारी हसली, हळूच, ओलसर. “यार्क्कोने पढवलं ना रे तुला?”

“नाही आजी. शपथ.”

“असू दे, असू दे. कळतं मला. आपला पहिला गोल कोणी असा दुसऱ्याला देऊन टाकतं का? म्हातारीचं मन राखलंस, राजा. तुझ्या आईला सांग माझा निरोप, पोरगं चांगलं वाढवलंय म्हणावं.” मग आवाज जरा दूर गेला, ती बहुतेक खोलीतल्या कुणाला तरी सांगत होती, “हो हो, त्याचाच होता. माझंच चुकलं. सांगा डॉक्टरांना तसं.” आणि फोन बंद झाला.

ओक्कोने डोळे उघडले. सगळे त्याच्याकडे बघत होते, आणि त्या बघण्यात राग नव्हता, संशय नव्हता. लउरी नाक ओढत भिंतीकडे वळला होता. दाराशी कोचने कप खाली ठेवला होता आणि तो ओक्कोकडे असा बघत होता जसा आजवर कधी बघितला नव्हता. “मी खरंच सांगतोय,” ओक्को म्हणाला. “मला नाही लागला.” “माहीत आहे रे,” लउरी म्हणाला आणि त्याने हात वर करून त्याच्या गुडघ्यावर थोपटलं. “माहीत आहे. उतर आता.” पुन्हा म्हणायला हवं होतं. एकेकाची कॉलर धरून म्हणायला हवं होतं, वेलीला हाक मारून, ओरडून, त्या बाईला परत फोन लावून. पण ती ऊब इतकी होती त्या खोलीत. तो बाकावरून उतरला तेव्हा सोर्मू पुढे आला. त्याच्या मोडक्या नाकाच्या दोन्ही बाजूंना डोळे लाल झाले होते. त्याने ओक्कोची मान आपल्या पंजात धरली, जवळ ओढली आणि फक्त त्यालाच ऐकू जाईल असं म्हणाला, “हे मी विसरणार नाही, पोरा. कधीच नाही.”

“त्यात काय एवढं,” ओक्को म्हणाला.